गॉथिक रोमान्स: जुनी घरं, बंद खोल्या आणि कुणाचं न ऐकणाऱ्या नायिका

निशिगंध
एकाकी जुनं घर. नोकरीला किंवा लग्न होऊन तिथे आलेली परकी मुलगी. मनातलं ओठावर न आणणारा मालक. आणि एक खोली, जिच्याकडे फिरकायचं नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. या मसाल्याच्या कादंबऱ्यांवर जीव असलेली बरीच मंडळी इथे आहेत हे इतर धाग्यांवरच्या अवांतरातून कळलंय. म्हणून हक्काचा धागा काढतेय.

मी या वाटेला लागले ती व्हिक्टोरिया होल्टच्या 'मिस्ट्रेस ऑफ मेलिन'मुळे (१९६०). मार्था ली गव्हर्नेसच्या (घरात राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या) नोकरीसाठी रेल्वेने कॉर्नवॉलला निघालीय आणि सुरुवातीलाच ती हिशोब मांडते: चांगल्या घरातल्या पण हातात पैसा नसलेल्या बाईपुढे वाटा दोनच, लग्न नाहीतर घराण्याला शोभेलशी नोकरी. पहिलं जमलं नाही, म्हणून दुसरं. रडगाणं नाही की स्वतःची कीव नाही. मला ती तिथेच आवडली. पुढे माउंट मेलिन हे घर येतं, मालक कॉनन ट्रेमेलिन येतो, आईविना वाढणारी हट्टी अल्व्हियन येते, आणि तिच्या आईच्या मरणाबद्दल सगळ्यांची दबकी कुजबुज. भिंतीत लपवलेल्या झरोक्यांतून खालच्या दालनात काय चाललंय ते वरून दिसतं. असे झरोके असलेल्या घरात मी एक रात्र काढणार नाही, मार्था मात्र मुक्कामच ठोकते.

होल्ट हे अर्थातच टोपणनाव. बाईंचं नाव एलिनॉर हिबर्ट. जीन प्लेडी आणि फिलिपा कार याही त्याच. प्लेडी हे नाव तर त्यांनी कॉर्नवॉलच्या एका किनाऱ्यावरून उचललेलं.

धाग्याचे नियम: ड्रॅक्युला, झॉम्बी, रक्तपात दुसरीकडे. इथे घर हवं, आणि नायिका बाणेदार हवी. बाणेदार म्हणजे नक्की कशी, उलट उत्तर देणारी की कुलूप उघडून बघणारी, यावर भांडायला परवानगी आहे. रहस्य फोडणार असाल तर आधी सांगा.

पायरीवरची मांजर
आली आली, मी आली. चहा घेऊन बसते.

राघूनाना
आमच्या हिच्याकडे या पुस्तकांचं अख्खं कपाट होतं. दोन-तीन वाचली. सगळं एकच पुस्तक आहे हो. मुखपृष्ठसुद्धा एकच. पांढऱ्या झग्यातली बाई केस मोकळे सोडून पळतेय, मागे काळोखी हवेली आणि वरच्या मजल्यावर एकाच खिडकीत दिवा. माझा साधा प्रश्न: रात्री अडीच वाजता आवाज आला तर मुलीने मेणबत्ती घेऊन एकटीने तिकडे जायचंच कशाला? नोकरांना हाका मारता येत नाहीत?

निशिगंध
नाना, नोकरच सामील असतात! पण मुखपृष्ठाचं बरोबर आहे. १९६०च्या दशकात अमेरिकन पेपरबॅकवाल्यांना हे चित्र सापडलं आणि मग त्यांनी ते सोडलंच नाही. जोआना रस या लेखिकेने १९७३ मध्ये या पुस्तकांवर निबंध लिहिला, त्याचं शीर्षकच असं होतं: कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे. तिनेही तुमच्यासारखीच सगळी एका माळेत ओवली होती.

केतकी_लीड्स
जेन एअरशिवाय हा धागा पुढे जाऊच शकत नाही, म्हणून उडी मारतेय.

रोचेस्टरच्या थॉर्नफील्ड या घरात जेन गव्हर्नेस म्हणून येते ती वर्षाला ३० पौंडांवर. आधीच्या शाळेत १५ मिळत, म्हणजे पगार थेट दुप्पट. लेखिका शार्लट ब्राँटी स्वतः गव्हर्नेस होती. १८४१च्या नोकरीत तिचा पगार होता वर्षाला २० पौंड आणि त्यातले ४ कपडे धुण्यापोटी कापून घेत. तेव्हा हे आकडे तिने हवेतून काढलेले नाहीत. आणि बाणेदारपणाचं म्हणाल तर, मी कसा दिसतो, देखणा आहे का, असं मालक विचारतो तेव्हा ती सरळ 'नाही, सर' म्हणते. ज्याच्या हातात आपला पगार आहे त्याला! मग जरा ओशाळते, पण शब्द मागे घेत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं हसू, रोचेस्टरच्या पेटलेल्या बिछान्यावर जेनने ओतलेलं पाणी, लग्नाच्या तोंडावर रात्री फाडलेली नववधूची जाळी हे सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र त्यानंतरची पहाट सगळ्यात भारी वाटते. रोचेस्टरची वेडी बायको माळ्यावर कोंडलेली आहे हे कळून लग्न मोडलंय. रोचेस्टर म्हणतोय, माझ्याबरोबर फ्रान्सला चल, कोण विचारतंय. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, हेही ती नाकारत नाही. आणि तरी पहाटे उठून, दाराच्या किल्लीला आणि कुलपाला तेल घालून, ती घराबाहेर पडते. जवळ फक्त २० शिलिंग. ते सगळे घोडागाडीवाल्याला देते, आणि वर कपड्यांचं बोचकं गाडीतच विसरते. नाना, मुखपृष्ठावरची बाई पळते ती घाबरून. जेन पळते ती भुरळ पडू नये म्हणून, आणि तेही कुलपाला तेल घालून.

पायरीवरची मांजर
कुलपाचं तेल!! हे मी तीनदा वाचूनही लक्षात ठेवलं नव्हतं.

कायद्याचा_कीस
नानांच्या 'जायचंच कशाला' या प्रश्नाला माझ्याकडे रूक्ष उत्तर आहे, पण देतो.

तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात लग्नानंतर बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळत असे. तिचे रोख पैसे, दागिने, कमाई सगळं त्याचं. स्वतःच्या नावाने ती करार करू शकत नव्हती की दावा लावू शकत नव्हती. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा पहिला कायदा १८७०चा, तो अर्धामुर्धा. खरा १८८२चा. घटस्फोट १८५७ पासून न्यायालयात मिळू लागला, पण नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे आणि बायकोला व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. वेड हे कारण तर १९३७ पर्यंत नव्हतंच. म्हणजे 'जेन एअर' आली त्या १८४७ मध्ये रोचेस्टर कितीही श्रीमंत असला तरी वेड्या बायकोपासून सुटू शकत नव्हता. ती माळ्यावरची खोली म्हणजे कायद्यातल्या भगदाडावर बांधलेली खोली आहे.

आता तुमची मेणबत्तीवाली मुलगी. ज्या घरात तिची किल्ली नाही, पैसे नाहीत, माहेर दूर, त्या घरात काय चाललंय हे तिला कोणी सांगणार नसेल तर स्वतः जाऊन बघण्यापलीकडे तिच्या हातात आहे काय? रात्री जायचं कारण दिवसा तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

राघूनाना
कीस साहेब, हे पटण्यासारखं आहे. पण कादंबरीवाल्यांनी तिखटमीठ लावलंच असणार ना? धडधाकट बाईला नवरा खरोखर कोंडत होता की काय?

कायद्याचा_कीस
कोंडत होता. आणि न्यायालयात जाऊन 'माझा हक्क आहे' असंही म्हणत होता. १८९१चा जॅक्सन खटला घ्या. एमिली जॅक्सन नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन क्लिदरो गावात बहिणीकडे राहत होती. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना नवऱ्याने दोन माणसं सोबत घेऊन तिला उचलून गाडीत कोंबलं आणि ब्लॅकबर्नच्या घरात डांबून ठेवलं. खालच्या न्यायालयाने तिला सोडवायला नकार दिला. अपील न्यायालयाने मात्र नवऱ्याला असा अधिकार नाही म्हणून तिला मोकळं केलं. १८९१! रेल्वे, तार, टेलिफोन सगळं आलं होतं.

त्याआधी जॉर्जिना वेल्डन. १८७८ मध्ये नवऱ्याने तिला वेडी ठरवून इस्पितळात टाकायचा घाट घातला. खोटी नावं सांगून डॉक्टर घरी आले, गप्पा मारून तपासून गेले. तिला संशय आला आणि ती निसटली. १८८२च्या कायद्याने विवाहित बाईला स्वतःच्या नावाने दावा लावता येऊ लागला, तेव्हा हिने डॉक्टरांपासून सगळ्यांवर खटल्यांचा असा पाऊस पाडला की वर्तमानपत्रांची चंगळ झाली. आणि गंमत बघा, हे डॉक्टर आले ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक हाउसमध्ये, जिथे पूर्वी डिकन्स राहायचा. त्याच डिकन्सच्या साप्ताहिकात १८५९-६० मध्ये विल्की कॉलिन्सची 'द वूमन इन व्हाइट' क्रमशः आली होती. धडधाकट बायकोला पैशासाठी वेड्यांच्या इस्पितळात टाकणाऱ्या नवऱ्याची गोष्ट.

अनुजा_के
कीस, त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला चालू होता हे इथे सांगायलाच हवं. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. मोठेपणी तिने दादाजी भिकाजीकडे जायला नकार दिला, त्याने १८८४ मध्ये दावा लावला. आधी निकाल तिच्या बाजूने, मग अपील, आणि १८८७ मध्ये हुकूम: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. दाव्याचा हा प्रकार मुळात इंग्लंडातून आलेला, आणि तिथे या कारणासाठीची कैद १८८४ मध्येच बंद झाली होती. इथे मात्र चालूच. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने तिची पत्रं छापून यायची. मला विचाराल तर या धाग्यावरची सगळ्यात बाणेदार नायिका तीच, फक्त तिची गोष्ट कोणी माळ्यावरच्या खोलीची करून लिहिली नाही.

कायद्याचा_कीस
अनुजाताई, शंभर टक्के. कैद बंद करणाऱ्या त्या १८८४च्या कायद्यामागेही हीच जॉर्जिना वेल्डन होती. तिच्या खटल्यामुळेच तो करावा लागला.

निशिगंध
धागा भलतीकडेच गेला आणि मला भयंकर आवडतंय.

पण 'द वूमन इन व्हाइट' निघालीच आहे तर मॅरियन हॅलकॉम्बबद्दल लिहितेच. (रहस्य फुटतंय थोडं. वाचायची असेल तर हा परिच्छेद गाळा.) ब्लॅकवॉटर पार्क या घरात मॅरियनच्या बहिणीचा, लॉराचा, नवरा सर पर्सिव्हल आणि त्याचा मित्र काउंट फॉस्को रात्री खालच्या खोलीत बसून लॉराच्या २० हजार पौंडांचं काय करायचं ते ठरवतायत. मॅरियनला ते ऐकायचंय. ती खोलीत जाऊन रेशमी झगा आणि आतले फुगीर, सळसळणारे कपडे उतरवते, फ्लॅनेलचा साधा परकर नेसते, वर काळा प्रवासी डगला घेते. का, तर पुरुषाला जिथून जायला जागा लागत नाही तिथून तिलाही जाता यावं. मग खिडकीतून व्हरांड्याच्या छपरावर उतरून, फुलांच्या कुंड्यांमधून सरकत, ती त्यांच्या डोक्यावर जाऊन बसते. पाऊस सुरू होतो, ती चिंब भिजते, हलत नाही. खोलीत परत येऊन ऐकलेलं शब्द न् शब्द रोजनिशीत उतरवते, आणि लिहिता लिहिताच तापाने फणफणते. रोजनिशीत त्यानंतरची नोंद कोणाच्या हातची आहे ते सांगत नाही. एवढंच सांगते की तिथे मी पुस्तक मिटून दिवा मोठा केला होता.

कपडे बदलण्याचा तो अर्धा पान म्हणजे माझ्यासाठी या अख्ख्या प्रकारातलं सगळ्यात उत्तम लेखन. धाडस करायचं तर आधी परकराचा प्रश्न सोडवावा लागतो!

पायरीवरची मांजर
आणि एवढं सगळं करून नायकाचं लग्न कोणाशी होतं? त्या गोड, गोऱ्या, मूर्च्छा येणाऱ्या लॉराशी. मॅरियनला ओठावर लव आहे म्हणून ती 'कुरूप'. मला अजून राग आहे.

वाडा_चिरेबंद_नाही
मी जुन्या इमारतींच्या डागडुजीच्या कामात आहे, म्हणून घराकडून लिहितो. इथे सगळे नायिकेवर बोलतायत, पण घरं पण काही कमी बनेल नव्हती.

गुप्त खोल्या ही लेखकांची कल्पना नाही. पहिल्या एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना थारा देणं म्हणजे गळ्याला फास. म्हणून श्रीमंत कॅथलिक घरांत त्यांना लपवायला जागा बांधल्या गेल्या. त्यातल्या नामी जागा निकोलस ओवेन नावाच्या, जेझुइट या कॅथलिक संघातल्या बंधूने केल्या असं मानतात. हा अंगाने बुटका, पायाने अधू सुतार. दिवसा लोकांना दिसेल असं काहीतरी साधं काम करायचा आणि खरी खोली रात्री एकटाच खोदायचा. १६०६ मध्ये लंडन टॉवरमध्ये छळ होऊन तो मेला, पण एकाही घराचं नाव त्याने सांगितलं नाही. वुस्टरशरमधल्या हार्व्हिंग्टन हॉलमध्ये एक लाकडी खांब बिजागरीवर फिरतो आणि मागे माणूस मावेल एवढी पोकळी आहे. बघणाऱ्याला तो वर्षानुवर्षं इमारतीचा आधारच वाटत आलेला. 'मेलिन'च्या शेवटाकडे जे होतं ते आठवा, मी जास्त बोलत नाही.

दुसरं, बाहेरून मोजलेल्या खिडक्या आणि आतून मोजलेल्या खोल्या जुळत नाहीत, हा या गोष्टींचा आवडता डाव. त्याचं एक अगदी अरसिक कारण म्हणजे खिडक्यांवरचा कर. इंग्लंडमध्ये तो १६९६ ते १८५१ पर्यंत होता. खिडक्या जास्त तर कर जास्त, म्हणून लोक विटा लावून त्या बुजवत. अर्थात दिसेल ती बुजलेली खिडकी कराचीच असं नाही. कित्येकदा दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा दिसावा म्हणून मुळातच खोटी खिडकी काढलेली असते. आत भिंतच असते, बिचारी वेडी बायको वगैरे कोणी नसते.

केतकी_लीड्स
वाडा, नॉर्टन कॉनयर्सबद्दल लिहा ना! की मीच लिहू?

वाडा_चिरेबंद_नाही
तुम्ही जवळ राहता, तुम्हीच.

केतकी_लीड्स
यॉर्कशरमध्ये रिपनजवळ हे घर आहे. शार्लट १८३९ मध्ये, गव्हर्नेस असताना, तिथे गेली होती. त्या घराच्या माळ्यावर पूर्वी कोणा वेड्या बाईला ठेवलं होतं अशी आख्यायिका होती आणि ती शार्लटच्या कानावर आली असं मानतात. आता पुढचं ऐका. २००४ मध्ये घरमालकांना लाकडी तावदानांच्या भिंतीमागे बंद झालेला एक जिना सापडला. पहिल्या मजल्यावरून थेट माळ्यावर जाणारा, अरुंद. कादंबरीत रोचेस्टर जिथून वर जातो, अगदी तसा. म्हणजे पुस्तक आधी, आणि घराचा पुरावा दीडशेहून जास्त वर्षांनी.

राघूनाना
जिना सापडला म्हणून बाई होती असं नाही. नोकरांचा जिना असेल.

केतकी_लीड्स
असेल की. पण नोकरांचा जिना दडपून का टाकला, हे तुम्ही मेणबत्ती घेऊन बघून यायचं.

राघूनाना
हाहा. बरं.

मध्यरात्रीचा_चहा
सगळ्यांचं वाचून झालं, आता मी वाद घालते. 'रिबेका'ची नायिका कोणाला बाणेदार वाटते? मला ती बुळी वाटते. तिला धड नावही दिलेलं नाही. लग्न होऊन नवऱ्याच्या मँडर्ली या हवेलीत येते, सकाळच्या खोलीत तिच्या हातून चिनी मातीचा एक छोटा मदन फुटतो, आणि ती घराची मालकीण असून तुकडे टेबलाच्या खणात मागे सारून ठेवते! पुढे त्याचा आळ नोकरावर येतो तेव्हा कुठे तोंड उघडते. मार्था लीने तुकडे गोळा करून सरळ सांगितलं असतं.

अनुजा_के
मला तो प्रसंग म्हणूनच खरा वाटतो. नवीन घरात आलेल्या मुलीला पहिले कित्येक महिने प्रत्येक वस्तू 'त्यांची'च वाटते. कप फुटला तर काळजात धस्स होतं. त्या घरात नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं, रिबेकाचं, आर हे अक्षर रुमालावर, वहीवर, सगळीकडे भरतकामाने नाहीतर शाईने उमटलेलं आहे. हिच्या नावाचं एक अक्षरही नाही. घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स ती वस्तुस्थिती तिला रोज दाखवून देते, आवाज न चढवता.

शिवाय हे घर ज्यावरून सुचलं त्याची गोष्ट ऐका. कॉर्नवॉलमधलं मेनाबिली. डॅफ्नी द्यू मोरिये त्या घरावर अक्षरशः लुब्ध होती. 'रिबेका' १९३८ची, तिची सुरुवात तिने नवऱ्याची नेमणूक होती त्या इजिप्तमध्ये केली, घरापासून इतकं लांब. पुढे १९४३ मध्ये तिला ते पडकं घर भाड्याने मिळालं. तिने पदरचे पैसे घालून ते दुरुस्त केलं आणि १९६९ पर्यंत तिथे राहिली. पण घर रॅशली घराण्याचं ते त्यांचंच राहिलं, शेवटी सोडावं लागलं. एवढी गाजलेली लेखिका, स्वतःच्या मँडर्लीत भाडेकरू!

मध्यरात्रीचा_चहा
हे माहीत नव्हतं. तरी बुळी ती बुळीच, पण आता थोडी कमी.

बरं, अवांतर: 'कोहरा' (१९६४) कोणी पाहिलाय? 'रिबेका'वरूनच. वहिदा रहमान, विश्वजीत, हेमंतकुमारचं संगीत. आणि डॅनव्हर्सच्या जागी आपली ललिता पवार! 'झूम झूम ढलती रात' दिवा मालवून ऐकून बघा.

पायरीवरची मांजर
ललिताबाईंच्या त्या डोळ्याने नुसतं बघितलं तरी मी मँडर्ली सोडून एसटीने घरी आले असते.

खानदेशी_पोर
नवा सभासद. एक शंका. या सगळ्यात भूत खरं असतं की नाही? मी तीन वाचली, तिन्हींत शेवटी माणूसच निघाला. जरा हिरमोड झाला.

निशिगंध
स्वागत! हा वाद या प्रकाराइतकाच जुना आहे. होरेस वॉल्पोलच्या 'कॅसल ऑफ ओट्रँटो'त (१७६४) भूत खरं. तिथे तर लग्नाच्या दिवशी आकाशातून अवाढव्य शिरस्त्राण पडून नवरा मुलगा चिरडतो, पहिल्या काही पानांतच. मग अ‍ॅन रॅडक्लिफ आली. तिने भीती शेवटपर्यंत ताणायची आणि अखेरीस सगळ्याचा उलगडा करायचा असा शिरस्ता पाडला. 'मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' (१७९४) साठी तिला ५०० पौंड मिळाले, तेव्हाच्या मानाने अफाट. त्यात एमिली किल्ल्यातल्या एका चौकटीवरचा काळा पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. आत काय दिसलं ते लेखिका शेकडो पानं सांगतच नाही. आणि सांगते तेव्हा... मेण. मेणाचा पुतळा. जुन्या मालकाला प्रायश्चित्त म्हणून रोज बघावा लागणारा.

खानदेशी_पोर
मेण?? यापेक्षा न सांगितलेलं बरं होतं.

अनुजा_के
यावरच तर जेन ऑस्टिनने 'नॉर्थँगर अ‍ॅबी' लिहिली. कॅथरिन मॉरलंड 'उडॉल्फो' वाचून डोकं फिरवून घेते, वादळी रात्री पाहुण्यांच्या खोलीतलं काळं कपाट उघडते, आत कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, रात्रभर झोप नाही. सकाळी बघते तर धोब्याचं बिल.

पण लोक इथे हसून थांबतात, ऑस्टिन थांबत नाही. घरमालक जनरल टिल्नीने बायकोला मारलं असा संशय कॅथरिनला येतो, तो खोटा ठरतो, तिची फजिती होते. आणि मग तोच जनरल, मुलीकडे समजत होतो तेवढा पैसा नाही असं कळताच, तिला एकटीला, सोबत न देता, भल्या सकाळी घराबाहेर काढतो. गाडीभाड्यालाही तिच्याकडे पैसे नसतात, मैत्रीण देते. म्हणजे त्या घरात राक्षस होता की. कॅथरिनने फक्त गुन्हा चुकीचा ओळखला.

कायद्याचा_कीस
हा प्रतिसाद मी कापून ठेवतोय.

वाडा_चिरेबंद_नाही
सगळीकडे शेवटी पैसा येतो हे लक्षात घ्या. लॉराचे २० हजार पौंड, आणि जेन एअरलाही काकाकडून मिळतात ते २० हजारच. जेन त्याचे चार भाग करून तीन वाटून टाकते. काका मदीरात, रोचेस्टरची पहिली बायको जमैकाची. घर यॉर्कशरमध्ये असलं तरी त्याला लागलेला पैसा कुठूनतरी बोटीने येतो. डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हिसने १९६६ मध्ये 'वाइड सरगॅसो सी' लिहून त्या माळ्यावरच्या बाईच्या बाजूने बोलायला घेतलं. ती वाचल्यावर थॉर्नफील्डकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

केतकी_लीड्स
आणि 'जेन एअर'मधला तो पाद्री, सेंट जॉन रिव्हर्स! धर्मप्रसारासाठी त्याला हिंदुस्थानात जायचंय म्हणून तो जेनला जर्मन सोडून हिंदुस्तानी शिकायला लावतो. प्रेम नाही, पण लग्न कर आणि चल. रोचेस्टरच्या माळ्यापेक्षा मला या माणसाची जास्त भीती वाटते. थंडगार.

राघूनाना
हे सगळं ठीक, पण मराठीत का नाही हा प्रकार? आपल्याकडे वाड्यांना तोटा होता काय?

अनुजा_के
नाना, सुरुवात तर तशीच झाली होती. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नायिकेवर संकटांची माळ लावणारी अद्भुतरम्य कादंबरीच ती. पण पुढे आपली कादंबरी समाजसुधारणेकडे वळली. आणि माझा एक अंदाज असा की, आपल्या वाड्यात नायिका एकटी सापडतच नाही. सासू, जाऊ, आत्याबाई, विधवा नणंद, माजघरात चार जणी. गुपित असतं, पण ते सगळ्यांना माहीत असतं. आणि पगारी गव्हर्नेस ही जातच नव्हती. परकी मुलगी घरात येणार ती सून म्हणूनच.

मध्यरात्रीचा_चहा
चित्रपटात आहे की. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). नरसूच्या भुताची दहशत, आशा काळे, आणि मानसिक उपचार करणारा काशिनाथ घाणेकर. शुद्ध रॅडक्लिफ: भीती पूर्ण, उलगडा माणसाचा. 'काजल रातीनं' लागलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

वाडा_चिरेबंद_नाही
अनुजाताईंच्या अंदाजाशी अर्धाच सहमत. कामानिमित्त पाहिलेल्या वाड्यांत बळदं आणि तळघरं भरपूर, आणि कोनाड्याआड पैसे ठेवायच्या जागाही. घर तयार आहे. लिहिणारीने यावं.

खानदेशी_पोर
शेवटची विनंती. बहीण अकरावीत आहे, इंग्रजी बरं वाचते. तिला आधी काय देऊ?

निशिगंध
'मेलिन' दे. दोन दिवसांत संपवेल. मग 'रिबेका', मग 'जेन एअर'. 'द वूमन इन व्हाइट' जाडजूड आहे, ती सुट्टीत. आणि 'उडॉल्फो' चुकूनही देऊ नकोस, डोंगर आणि सूर्यास्तांच्या वर्णनातच पोरीचा दम निघेल.

अनुजा_के
तीव्र असहमती. सूर्यास्त गाळून वाचायचे असतात, प्रत्येक डोंगर चढलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय? पहिला खंड पटापट उलटून थेट खलनायक माँटोनीबरोबर किल्ल्यात शिरायला सांग तिला.